बेलईदच्या दुकानात न मिळणारा शब्द

बहिजाच्या आईची अरबी एकदम गेली नाही. आधी शेजारपाजाऱ्यांची नावं गेली, मग वारांची, मग भाज्यांची. उन्हाळा सरता सरता तिच्या तोंडात अरबीचा एक शब्द उरला नाही. लग्नाआधी दूर दक्षिणेकडच्या सूसच्या डोंगरात ती जी भाषा बोलायची, ती मात्र घडाघडा वाहायला लागली. डॉक्टर तरणाताठा होता. म्हणाला, मागून शिकलेलं आधी जातं, त्यात नवल काही नाही. त्याला म्हणायला काय जातंय! बहिजाला त्या डोंगरी भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं.

कळणार कुठून? आईचं नाव इज्जा. पोरसवदा वयातच ती लग्न होऊन कासाब्लांकाच्या दर्ब सुलतान मोहल्ल्यात आली. नवरा सी मआती अरब, बसवर कंडक्टर, स्वभावाने गरीब. पण त्याच्या बहिणी नुसत्या करवती होत्या. इज्जाने तोंड उघडलं की त्या तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या आणि पोट धरून हसायच्या. तेव्हाच इज्जाने मनाशी ठरवलं की आपल्या पोरीच्या कानावर ही भाषा पडू द्यायची नाही. शाळेत तिला कुणी चिडवायला नको. आणि बाईने ते शेवटपर्यंत पाळलं. फक्त कणीक तिंबताना तिला राहवत नसे. परातीवर वाकून ती कणकेशी आपल्या भाषेत बोलत बसायची, मध्येच हसायची, मध्येच रागवायची. लहानगी बहिजा दारात उभी राहून ऐके. आईचं लक्ष गेलं की बोलणं बंद. मग अरबीत, "भूक लागली का गं?" बहिजाला त्या वयात चक्क कणकेचा हेवा वाटायचा.

आता बहिजा पन्नाशी ओलांडलेली होती. वडील आणि नवरा दोघंही वारले होते, मुलं परमुलखात आपापल्या संसाराला लागली होती, आणि ती घरी बसून जेलाबा नावाच्या पायघोळ झग्यांना रेशमी गुंड्या करून लावायची. आईबरोबर एका छपराखाली राहायची, आणि आई तिला ओळखत नव्हती.

ओळखत नव्हती म्हणजे वाईट वागत होती असं नव्हे. उलट आई फार अदबीने वागायची, आणि तेच बहिजाला सोसत नसे. आई उठून तिला बसायला जागा करून द्यायची. चहाचा पहिला पेला तिच्यापुढे सरकवायची. दुपारी वाटेकडे डोळे लावून दारापाशी बसायची, आणि बहिजा आत जा म्हणाली की ओशाळून हसायची. घराच्या आणि कोठीच्या किल्ल्या तिने लोकरीच्या गोफात ओवून गळ्यात घातल्या होत्या. अंघोळीलासुद्धा काढायची नाही. परक्या बाईच्या हाती कशा द्यायच्या? बहिजाने गुपचूप दुसऱ्या किल्ल्या करून घेतल्या, त्यामुळे अडलं काहीच नाही. अडलं होतं ते वेगळंच. "मी बहिजा, तुझी लेक," असं तिने किती वेळा सांगून पाहिलं. आई मान डोलवायची, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तशी.

आईने आपल्याला एकदा, फक्त एकदा लेक म्हणावं, एवढंच बहिजाला हवं होतं. आणि आता ते अरबीत होणार नव्हतं.

तेव्हा ती कोपऱ्यावरच्या बेलईदकडे गेली. कासाब्लांकातला कुठलाही कोपरा घ्या, तिथला किराणावाला सूसचाच निघायचा. बेलईदची बायकामुलं, आई, बदामाची झाडं, सगळं तिकडे डोंगरात. तो इकडे फळीमागे उभा, रात्री वरच्या माळ्यावर झोपायचा, आणि फक्त उन्हाळ्यात गावी जायचा. दुकानात अरबी बोलून बोलून, आपल्याला आताशा स्वप्नंही अरबीत पडतात, अशी त्याची तक्रार होती.

"सी बेलईद, मला तुमची भाषा शिकायचीय," बहिजा म्हणाली.

"या वयात? कुणी सूसी नवरा बघितलायस का?"

"आईशी बोलायचंय."

बेलईदने हातातलं माप खाली ठेवलं. मग नेहमीच्या सुरात म्हणाला, "व्याकरणबिकरण आपल्याला येत नाही बाई. माझ्याकडे आहे तो माल आहे. काय पाहिजे ते माग, मी नाव सांगतो. उद्यापासून त्याच नावाने मागायचं. अरबीत मागितलंस तर दुकान बंद."

पहिल्या दिवशी तिने भाकरी घेतली. भट्टीतून नुकत्याच आलेल्या गोल भाकऱ्यांतली एक उचलून बेलईद म्हणाला, "अघ्रूम." बहिजाने म्हटलं. "घशातून," तो म्हणाला. तिने पुन्हा म्हटलं. मागे रांगेत पुदिन्याची जुडी घेऊन उभी असलेली शेजारीण कातावली, "तुमची शाळा सुटेपर्यंत माझ्या किटलीतलं पाणी आटायचं. साखर दे आधी."

"साखर नंतरच्या धड्यात आहे, लाल्ला," बेलईद तिला बाईसाहेब म्हणावं तशा अदबीने म्हणाला.

भाकरी छातीशी धरून, वाटभर तो शब्द पुटपुटत बहिजा घरी आली. आईसमोर भाकरी ठेवली आणि म्हणाली, "अघ्रूम."

आईने चमकून वर पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला की बहिजाला गलबलून आलं. आणि मग आई बोलायला लागली. थांबेचना. हातवारे करून, डोळे पुसून, मध्येच कुजबुजून ती काय काय सांगत राहिली, आणि बहिजा नुसती बघत बसली. एका शब्दाचं दार उघडलं आणि आत केवढं तरी घर, आणि आपण उंबऱ्यावरच. त्या दिवशी स्वयंपाकघरात जाऊन ती मनसोक्त रडली.

पण हटली नाही. पाणी झालं, मीठ झालं, तेल, अंडी, ताक, साखर झाली. बेलईदच्या फळीवरचं संपत आलं तसे इतर गिऱ्हाइकं मदतीला यायला लागली. एक सूसी हमाल रोज तिची परीक्षा घ्यायचा आणि चुकली की कपाळावर हात मारून घ्यायचा. पुदिनावाल्या शेजारणीला फुकटात अर्धी भाषा यायला लागली. "ही गं काय शिकते, मीच पुढे आहे," असं ती वर मिरवायची.

घरी आईला जणू कामच मिळालं. ही पाहुणी आपली भाषा शिकते आहे हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने धडे हाती घेतले. हात धरून हात म्हणून दाखवायची. नाक चिमटीत धरून नाक. सुरी, दार, चूल, मांजर. बहिजा चुकली की तिच्या बोटांवर हलकीशी चापट मारायची, आणि बरोबर म्हटलं की तिचा गाल कुरवाळायची. "ये, बस, खा" हे कळायला लागलं. मग "भूक लागली?" कळलं. तो प्रश्न जन्मभर अरबीत ऐकलेला, तोच सूर, तीच मान तिरकी. पन्नाशीच्या बाईला तिची आई पहिल्यापासून बोलायला शिकवत होती. बहिजाला त्याचं सुख व्हायचं, आणि त्याच घासाला खडा लागावा तसं दुःखही व्हायचं. कारण धडा संपला की आई कौतुकाने विचारायची, "कुणाची गं तू, बाई? चांगलं शिकतेस हो." एवढं आता बहिजाला कळत होतं. न कळतं तर बरं झालं असतं.

एक दिवस दुकानात कुणी नाही असं बघून तिने बेलईदला विचारलं, "माझी लेक, याला काय म्हणतात?"

बेलईदला थट्टा सुचली नाही. फडक्याने तराजू पुसत राहिला. "ते माझ्या दुकानात मिळत नाही, लाल्ला बहिजा."

"सांगा तरी."

"इल्ली," तो म्हणाला. "पण तू जाऊन तिला हा शब्द शिकवू नकोस. तिच्याकडून आला तर घे."

त्याने सांगायची गरज नव्हती. बहिजाची छाती नव्हतीच. मी तुझी इल्ली, असं म्हणायचं आणि आईने अदबीने हसून नाही म्हणायचं, मग काय करायचं? त्यापेक्षा वाट बघणं बरं. ती गुंड्यांचं रेशीम गुंडाळत बसे आणि आईच्या बोलण्याच्या लोंढ्यात तो एक शब्द शोधत राही. भाकरी यायची, पाणी यायचं, पाऊस यायचा, कुठल्याशा शेळीचं नाव यायचं. तो शब्द काही येत नसे.

थंडी पडली. डोंगरातल्या लोकांचं नवं वर्ष जवळ आलं, तसा बेलईदने तिच्या हातात एक पिशवी ठेवली. त्याच्या आईने बसने पाठवलेला जवाचा रवा आणि बाटलीभर अर्गानच्या बियांचं तेल.

"ताघूला कर. घट्ट शिजव, परातीत ओत, मधे खळगा करून त्यात तेल. आणि आत एक खजुराची बी लपव. ज्याच्या घासात बी येईल त्याचं वर्ष चांगलं, आणि कोठीच्या किल्ल्या वर्षभर त्याच्याकडे. आमच्या गावात सासवा बी गिळून टाकायच्या म्हणे, सुनेच्या हाती लागू नये म्हणून."

"आणि मग?"

"मग काय, सुना पुढच्या वर्षाची वाट बघायच्या."

बहिजाने दुपारी ताघूला केली. बी आईच्या बाजूला, अगदी कडेला दडवली. वर्ष चांगलं जायचं तर तिचं जावं, आणि किल्ल्या तर तिच्या गळ्यात आहेतच. परात मधे ठेवून दोघी समोरासमोर बसल्या. वाफ आणि तेलाचा खरपूस वास आला आणि आईने डोळे मिटून घेतले. मग ती इतकं स्वच्छ हसली की तिचं वय कुठल्या कुठे गेलं.

तिने पहिला घास घेतला, तेलात बुडवला, खाल्ला. दुसरा घेतला आणि तो खाल्ला नाही. परातीतून सरकवत बहिजाच्या बाजूला आणून ठेवला. पाहुण्याला आपल्या बाजूचं द्यायचं, ही तिकडची रीत. तिसराही तसाच. "खा, बाई. तू खात नाहीस." बहिजा नको नको म्हणते तोवर आईने कडेचा मोठा लपका बोटांनी उचलून तिच्यापुढे लोटला. तेवढा तरी मान राखावा म्हणून बहिजाने तो तोंडात घातला, आणि दाताखाली बी आली.

लपवावी असं तिच्या मनात आलं. सासवांसारखी गिळून टाकावी. पण आई तिच्या तोंडाकडेच बघत होती. बहिजाने बी तळहातावर काढली.

आईने टाळी वाजवली. मग हसता हसता ती गंभीर झाली. तिने हात पुसले, दोन्ही हात मानेमागे नेले, आणि लोकरीचा गोफ डोक्यावरून काढला. किल्ल्या क्षणभर मुठीत धरल्या. उठून बहिजाजवळ आली आणि गोफ तिच्या गळ्यात घातला. परक्या बाईला इतके महिने ज्या किल्ल्यांना हात लावू दिला नव्हता, त्या तिने रीत म्हणून देऊन टाकल्या.

"आता तू सांभाळ," ती म्हणाली. अगदी सावकाश, शिकणाऱ्याला कळावं असं एक एक शब्द सुटा करून. "मी म्हातारी झाले. मी विसरते. शाळा सुटेल. माझी लेक येईल."

इल्ली, म्हणाली.

"एवढीशी आहे." आईने कमरेजवळ हात धरून दाखवला. "तिला भूक लागलेली असते. तू दार उघड. तिला भाकरी दे. तेल दे. मीठ थोडं."

"हो," बहिजा म्हणाली.

"तिला आपलं बोलणं येत नाही. मी दिलं नाही तिला. ते हसले असते ना." आईचा आवाज बारीक झाला. "मनात खूप होतं. सगळं कणकेला सांगितलं. तू तिच्याशी तिच्या भाषेत बोल हं. घाबरेल नाहीतर."

त्यातला एक शब्दही बहिजाला अडला नाही. भाकरी, तेल, मीठ, दार, भूक, सगळे बेलईदच्या फळीवरचे नाहीतर या घरात आईनेच हाताला धरून दिलेले. तिला आईच्या कुशीत शिरून ओरडून सांगायचं होतं. तिने आईचा हात हातात घेतला, त्यावरचं तेल पुसलं, आणि ओठ दाबून बसून राहिली. सांगून काय झालं असतं? आईच्या त्या एवढ्याशा लेकीची मग कुणी वाट बघितली असती?

दुपार कलली. गल्लीत शाळेची मुलं ओरडत, दप्तरं आपटत गेली. आई उठून दारापाशी जाऊन बसली. आज बहिजा तिला आत ये म्हणाली नाही. तिने भाकरीचा तुकडा तोडला, वाटीत तेल ओतलं, चिमूटभर मीठ घेतलं, आणि ते ताटलीत घेऊन आईशेजारी उंबऱ्यावर टेकली. गळ्यात किल्ल्या होत्या.

गल्ली हळूहळू रिकामी झाली.

"उशीर झाला आज तिला," आई म्हणाली. "येईल ना?"

बहिजाला शब्द जुळवायला थोडा वेळ लागला. मग आईच्या भाषेत, घशातून, ती म्हणाली, "येतेय ती. वाटेत आहे."