शनिवारचं जांभळं

घडीत मोगऱ्याची एक कळी निघाली — वाळून तांबूस झालेली, बोट लागताच चुरा होणारी — आणि लामुनला आठवलं, ही आपल्याच केसांतली. भावाला अग्नी देऊन परतल्यावर हे काळं वस्त्र सोडलं तेव्हा पडली असणार. वडीलधारं गेलं तर पांढरं नेसायचं, धाकटं गेलं तर काळं. भाऊ धाकटा होता. पण मग आज सकाळी सकाळी पेटी उघडली कशाला? काही शोधायचं नव्हतं. हात आपोआप तळाशी गेला आणि आता ते मांडीवर होतं, जड, कापराच्या वासाचं, आणि मनात कुठेतरी चाललं होतं की याला ऊन दाखवायला हवं, कसर लागली आहे का बघायला हवं... कशासाठी? तिनं चटका बसल्यासारखी बोटं मागे घेतली.

"अगं बाई बाई! हे काय काढून बसलात?"

दारात सुक उभी होती. सुकनं लामुनला न्हाऊमाखू घातलं होतं, पुढे लामुनच्या मुलीलाही. तिला बोलायला कुणाची परवानगी लागत नसे.

"कसर बघत होते."

"आजच बघायची होती? पोर तिकडे तापानं पडलीय आणि तुम्ही सुतकाची कापडं चाचपताय! जित्या माणसाचं आधीच काढून ठेवतं का कुणी?" मग एकदम आवाज उतरवून, "आवरा लवकर. पत्र आलंय."

पत्र. लामुन उठली ती कशी उठली तिचं तिला कळलं नाही. महाराज उत्तरेकडच्या प्रांतांच्या दौऱ्यावर, नावांचा ताफा घेऊन नदीनं वर वर चाललेले. बरोबर चार मुलं, त्यांत लामुनची चंद्रवदी. नेऊ का म्हणून लामुनला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला — मूल राजाचं, आई एका कारकुनाची मुलगी. चारचौघांत लामुन स्वतःच्या मुलीला "राजकन्या" म्हणायची, तिच्यापेक्षा खालच्या पायरीवर बसायची. दार लोटलं की मात्र राजकन्येची लाडकी तिम व्हायची, आणि तिम गुडघ्यावर डोकं ठेवून लहान मुलांना राखतात त्या शेंडीच्या बुचड्याभोवती खाजवून घ्यायची. मागच्या पत्रात कुठल्याशा देवळाच्या कळसाचं वर्णन होतं, मग डासांची थट्टा, आणि त्या दोहोंच्या मध्ये एकच ओळ — चंद्रवदीला कालपासून ताप आहे. त्यानंतर पत्रच नाही. नदीला पूर आला म्हणे. पुराला काय, तो दरवर्षी येतो. पण पत्रं येतात की!

अंतःपुरात वाराच्या रंगाचं नेसायचं, म्हणून सुकनं शनिवारचं जांभळं काढून ठेवलं होतं. खोलीत अंधार, आणि सुक बाहेर विडा लावत होती. लामुननं पेटीजवळचं वस्त्र ओढलं, कासोटा खोचला, फिकट हिरवा शेला छातीवरून टाकला. घाईत कासोटा दोनदा सुटला.

चौकात मालै भेटली — लामुनसारखीच महाराजांची एक राणी, मूलबाळ नाही, तोंड मात्र अखंड चालू. "चल गं, चल, महाराजांनी आज स्वतः काय रांधलंय ऐकू. गेल्या खेपेला माशाच्या कालवणाला सबंध पान दिलं होतं, आपल्याला आयुष्यात एवढं पान मिळालं नाही."

"मालै, आज नको ना."

"अगं, काही होत नाही. तापच तो. मुलं फणफणतात आणि संध्याकाळी झाडावर चढतात." तिनं लामुनचा दंड दाबला. "तू जेवलीस का पण? हाडं लागतायत हाताला."

जेवले होते का मी? काल दुपारी भात पुढ्यात घेतला होता, एवढं आठवतं.

मोठ्या महाराणींच्या दालनात सगळ्याजणी कोपरं टेकून ओणव्या झाल्या होत्या. पत्र सोन्याच्या तबकात होतं. महाराजांचं पत्र म्हणजे महाराजच. ते वाचून तबकात परत ठेवलं जाईपर्यंत कुणी मान वर करायची नाही, बोलायचं नाही, विचारायचं तर नाहीच. लामुन आपल्या जागेवर — मागच्या रांगेत, खिडकीशी — खाली झाली, आणि खिडकीतलं ऊन तिच्या गुडघ्यावर पडलं.

काळं.

जांभळं नाही... ऊन त्याच्यावर पडत होतं आणि त्यातून जांभळेपणाचा कणही निघत नव्हता. तिनं डोळे मिटले, उघडले. काळंच. शेल्याचं टोक ओढून गुडघा झाकला, तर दुसरा उघडा पडला. मी हे नेसून आले. माझी मुलगी आजारी असताना मी तिचं सुतक नेसून, साऱ्या अंतःपुराच्या देखत, चौक ओलांडून आले. सुक म्हणाली तेच खरं, मनानं आधीच काढून ठेवलं होतं, मग हातानं तेच उचललं — आई आहे की कोण आहे मी?

वाचणाऱ्या थाओ इन म्हाताऱ्या होत्या, त्यांचा आवाज कोरडा, सगळ्याच गोष्टी एकाच पट्टीत सांगणारा. "...इथले लोक मला ओळखत नाहीत, ही मोठी मौज. एका म्हातारीनं मला जकातवाला समजून शिव्या घातल्या..." पुढच्या रांगेत कुणीतरी हसू दाबलं. लामुनच्या कानांवर शब्द येत होते आणि गळून पडत होते. वाळूचे किनारे. सागाचे तराफे. पेज. एक वाटी. पावसानं भिजलेली गादी. तिमचं नाव आलं की मला ऐकू येईल, ते एकच ऐकायचं, बाकीचं जाऊ दे... सुभेदाराचा लठ्ठ मुलगा. मग कुठल्याशा गावचं फुलझाड, त्याचं रोप पाठवतो आहे, सावलीत लावा. "...सर्वांनी प्रकृतीस जपावे."

संपलं?

कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. नाव आलंच नव्हतं. लामुननं सगळं पत्र चाळणीतून चाळल्यासारखं मनात पुन्हा चाळलं, नव्हतं. मूल गेल्यावर एवढी हसरी पत्रं कुणी लिहितं का? — लिहितं. धाकटे राजपुत्र गेले तेव्हाचं पत्र रानफुलांविषयी होतं, आणि ती बातमी दुसऱ्या नावेनं, वेगळ्या माणसाबरोबर आली होती. राजाच्या पत्रातून मरण येत नाही, ते त्याच्या मागून येतं. थाओ इनचा हात तबकाकडे चालला होता. एकदा कागद तबकात पडला की पुढच्या पत्रापर्यंत काही नाही. आणि मी हे काळं घेऊन त्या खोलीत परत जायचं, दार लावायचं, वाट बघायची...

"माझी तिम कशी आहे?"

आवाज कुणाचा हे कळायला तिला क्षण लागला. ती कोपरांवर नव्हती, ती सरळ बसली होती, शेला घसरला होता आणि काळं वस्त्र साऱ्या दालनाला दिसत होतं. मालैनं "अगं!" म्हणून तोंडावर हात घेतला. थाओ इन कागद हातात घेऊन थिजल्या.

"लामुन," मोठ्या महाराणी म्हणाल्या. त्यांची नजर खाली, काळ्यावर, बराच वेळ राहिली. "कुणी सांगितलं तुला काही?"

"नाही, राणीसाहेब. चुकून नेसले." आणि मग, आता काय उरलंय या हिशेबानं, "सांगत नाही कुणी. म्हणून विचारते."

शिक्षा काय व्हायची ती होईल. पण मोठ्या महाराणींनी आपल्या तीन मुलांना अग्नी दिला होता, आणि तिघांसाठी हेच नेसल्या होत्या. त्या थाओ इनकडे वळल्या. "पुन्हा वाचा. सावकाश. आणि तिला बसू दे तशीच."

थाओ इननी पत्र उघडलं. म्हातारीच्या शिव्या आल्या. वाळू आली, तराफे आले. या वेळी लामुन नाव शोधत नव्हती. बसल्यामुळे सगळं थेट अंगावर येत होतं. "...आज चूल मीच पेटवली. मिरचीला हात लावला नाही. नुसती मऊ पेज आणि खारवलेलं अंडं. इतकं अळणी मी जन्मात रांधलं नव्हतं. पण वाटी परत आली ती चाटूनपुसून..."

मिरचीशिवाय. ज्या माणसाला पिकल्या आंब्यावरही तिखट लागतं, तो मिरचीशिवाय पेज करतो... कुणासाठी? त्याच्याबरोबर वैद्य आहेत, नावाडी आहेत, कुणाचंही पोट बिघडू शकतं. आणि वाटी चाटली तो दिवस कुठला — पूर, थांबलेल्या नावा, तेव्हापासून किती पाणी खाली वाहून गेलं असेल, त्यानंतर त्या नावेवर काय झालं असेल. काही कळलं नव्हतं. आधी कळत नव्हतं तेवढंच आताही. तिम अंडं फोडून आधी पिवळं खाते, पांढरं आईच्या ताटात सरकवते. तिकडे पांढरं कुणाच्या ताटात सरकवलं असेल?

थाओ इन पुढे वाचत होत्या, भिजलेली गादी, लठ्ठ मुलगा. लामुनच्या दोन्ही हातांच्या मुठीत काळं वस्त्र घट्ट धरलेलं होतं, आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पेजेच्या वाफेचा वास, अंड्याचा खारट वास... मला भूक लागली आहे, ती घाबरून स्वतःशी म्हणाली, हे नेसून बसले आहे आणि मला भूक लागली आहे.