सुमित्रामावशीचे तीस सेकंद

"आता कोनी हलाचं नाही," गुड्डू म्हणाला. "माय, तू बी नाही. तीस सेकंद नुसती उभी राह्य."

"बोलू बी नको?"

"नको."

"स्वास घेऊ का नको?"

"घे ना वो माय. पन हळूच घे."

सुमित्रामावशीनं पदराचा बोळा तोंडात धरला, कारण तिला हसू आवरत नव्हतं. चुलीतली लाकडं तिनं आधीच बाहेर ओढून ठेवली होती. देवरी तालुक्यातलं, हायवेपासून आत असलेलं गाव आणि २००७ च्या मार्चमधली दुपार. स्वयंपाकघरात आम्ही तिघंच होतो. आयुष्यातली पहिली पाच मिनिटांची फिल्म करणारा गुड्डू पटले, त्याची माय, आणि कानांवर हेडफोन चढवून हातात रेकॉर्डर धरलेला मी, रत्नपाल शहारे.

हे तीस सेकंद काय प्रकरण असतं ते सांगतो. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. कुठे माठ पाझरतो, कुठे कौलांवर चिमण्या असतात, कुठे भिंतीमागे म्हैस रवंथ करते. चित्रण संपलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि ती शांतता रेकॉर्ड करून घ्यायची. पुढे एडिटिंगला बसलं की दोन वाक्यांच्या मध्ये आवाज जिथं तुटतो तिथं ती भरायची. नाही भरली तर बघणाऱ्याला नेमकं कळत नाही, पण काहीतरी खटकत राहतं.

आमच्या रेकॉर्डरची एक खोड होती. लाल बटण एकदा दाबलं की दिवा नुसता लुकलुकायचा. म्हणजे यंत्र तयार आहे, कानात आवाजही येतोय, पण आत काही साठत नाही. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर व्हायचा आणि मग रेकॉर्डिंग सुरू. वर्गातल्या निम्म्या पोरांनी एकदाच दाबून अख्खे सीन घालवले होते. माझ्या हातून ते कधी झालं नव्हतं.

त्या दुपारी मी बटण एकदाच दाबलं, आणि ते चुकून नव्हतं.

तीस सेकंद मी हेडफोनमध्ये सगळं ऐकलं. माठाचा थेंब, लांबवर ट्रकचा हॉर्न, आणि सुमित्रामावशीचा तो हसू दाबल्यामुळे अडखळत येणारा श्वास. मग मी अंगठा वर केला. "झालं. मस्त आलं," म्हणालो.

मी जळत होतो. दुसरा शब्द नाही त्याला.

तिरोड्याला माझं लग्नाच्या व्हिडिओचं दुकान होतं. सात वर्षांत मी चारशे लग्नं शूट केली होती. नवरीच्या मावशीचं डोकं गुलाबाच्या फुलातून बाहेर काढायचं असो की वरात ढगांवरून चालवायची असो, तालुक्यात माझ्याइतकं सफाईदार मिक्सिंग कोणाचं नव्हतं. पण मला सिनेमात जायचं होतं. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी दुकानाला कुलूप लावून मी नागपूरच्या एका संस्थेत डिजिटल फिल्म निर्मितीच्या एक वर्षाच्या कोर्सला बसलो, तेव्हा लोकांनी मला वेड्यात काढलं. आमचे सर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मी इथं दिग्दर्शक घडवत नाही. कामाच्या पहिल्या दिवशी तुम्हाला सेटवरून हाकलू नये, एवढंच शिकवतो." मग त्यांनी केबल गुंडाळायला शिकवलं, टेपवर लेबल लावायला, प्रत्येक शॉटची नोंद लिहायला, आणि उभं राहून गप्प बसायला.

या सगळ्यात मी पहिला होतो. गुड्डू चोविसाचा, शेतकऱ्याचा एकुलता एक पोरगा. कॅमेऱ्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली हे त्याला मी शिकवलं. आमची खोली एक, स्टोव्ह एक. फरक एवढाच की त्याची माय दर मंगळवारी देवरीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरच्या हाती डबा पाठवायची. लाखोरीच्या डाळीचे वडे, तांदळाची भाकर, वरून फडकं शिवून बंद केलेलं. आम्ही बसस्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचो. अर्धे वडे मीच खात होतो, हे आधीच सांगून टाकतो.

शेवटच्या परीक्षेला प्रत्येकानं एक फिल्म करायची होती. ज्याची चांगली होईल त्याला सर मुंबईच्या एका स्टुडिओत शिकाऊ म्हणून लावून देणार होते. जागा एकच. मी आमच्या जिल्ह्यातल्या प्रतापगडावर फिल्म करायचं ठरवलं. किल्ला, दर्गा, उगवता सूर्य, सगळं कसं भव्य. गुड्डूनं डब्यावर लिहिलं. माय डबा भरते, फडकं शिवते, हायवेवर जाऊन बसची वाट बघते, आणि डबा निघून गेल्यावर रिकाम्या हातांचं काय करावं ते तिला कळत नाही. दोन पानं होती. सरांनी ती वर्गात मोठ्यानं वाचली आणि वाचून झाल्यावर चष्मा पुसला.

माझी पानं वाचून ते म्हणाले होते, "छान. लग्नाच्या कॅसेटसारखं होऊ देऊ नको फक्त."

तो डबा मी वर्षभर खाल्ला होता. त्यावर फिल्म होऊ शकते हे मला सुचलं नाही आणि त्या येड्याला सुचलं, हे काही केल्या पचत नव्हतं.

आणखी एक गोष्ट आहे. तीही सांगून टाकतो. शूटिंगच्या दिवशी सकाळी गुड्डूच्या घरी पोचलो तेव्हा माझा चहा ओसरीवर आला, कानतुटक्या कपात. गुड्डूच्या कपाला कान होता. दुपारी सामान घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थबकलो तर मावशी म्हणाली, "ये ना अंदर. कामासाठी येऊन राहिला तं काय होते?" तिनं ते अगदी प्रेमानं म्हटलं. कपामुळे मी दुसऱ्यांदा बटण दाबलं नाही असं म्हटलं तर मला बरं वाटेल, पण ते खरं नाही. कप सगळीकडेच होते. मी जळत होतो ते त्या दोन पानांवर.

माझं पाप वायाच गेलं. गुड्डूला एडिटिंगमध्ये ती शांतता लागलीच नाही. त्यानं स्वयंपाकघराच्या सगळ्या सीनखाली हायवेचा आवाज टाकला, जणू घरात बसूनही मायचे कान बसकडेच लागलेले आहेत. फिल्म संपली तेव्हा सर खुर्चीतून उठून उभे राहिले. मुंबईची जागा गुड्डूला मिळाली आणि मी तिरोड्याला येऊन दुकानाचं कुलूप उघडलं.

नऊ वर्षं गेली. गुड्डू आधी टेपांच्या नोंदी करायचा, मग सहायक झाला, मग संकलक. त्याचं नाव शोधण्यासाठी मी सिनेमाच्या शेवटी सरकत जाणारी पाटी थांबवून थांबवून बघायचो. नाव दिसलं की टीव्ही बंद करायचो, आणि नाही दिसलं की चुकल्या-चुकल्यासारखं व्हायचं. माझी बायको अल्का म्हणायची, "कायले पाहता मंग?"

२०१६ च्या जानेवारीत तो अचानक दुकानात आला. डोक्याचे केस नुकते उगवत होते. सुमित्रामावशी गेली होती आणि आदल्या दिवशी तिची तेरवी झाली होती. मला कोणी कळवलं नव्हतं. चहा आला तो त्यानं प्यायला आणि कप हातातच फिरवत राहिला.

"रत्नपाल, एक काम होतं यार. ते तीस सेकंद आहेत ना तुझ्याजवळ?"

"कोणते?" मी विचारलं, जसं काही मला कळलंच नव्हतं.

"स्वयंपाकघरातले. माय उभी होती, पदर तोंडात घालून. माझी हार्डडिस्क मागेच उडाली. फिल्मची सीडी आहे, त्यात ती बोलते. बोलून राहिलेली माय आहे माझ्याजवळ. नुसती असलेली नाही." मग तो कसंनुसं हसला. "तू तं काहीच फेकत नाहीस. लोखंडी पेटीत सगळं लेबल लावून ठेवतोस. पूरे रस्ते यही सोचता आया, रत्नपालजवळ असेलच."

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. पण जगात एकच माणूस माझ्या कामाला मानत होता आणि तो समोर बसला होता. त्याला मी कसा सांगणार, की दिवा लुकलुकत होता?

"आहे," मी म्हणालो. "शोधावं लागेल. उद्या ये."

दुपारीच दुकान बंद करून मी गावी गेलो. आमचं गाव चोरखमाऱ्याच्या तलावातून निघणाऱ्या कालव्यालगत. माझी माय, रुक्माबाई, अंगणात तांदूळ निवडत बसली होती. अडुसष्ट वर्षांची, दम्यानं पोखरलेली.

"माय, जरा चुलीजवळ उभी राह्य ना."

"काऊन? फोटो काढतं का? लुगडं तं बदलू दे."

"फोटो नाही. आवाज पाहिजे."

"काय बोलू मंग?"

"काहीच बोलू नको."

"न बोल्याचा आवाज?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं लहानपणी ताप आला की बघायची. पण उठली. भिंतीला हात टेकत आत आली, बाबासाहेबांच्या फोटोखाली उभी राहिली आणि हात दोन्ही बाजूंना सोडून ताठ झाली.

तोच जुना रेकॉर्डर होता. मी बटण दोनदा दाबलं आणि दिवा स्थिर झाला.

मायला खोकला आला होता. तिनं तो गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. छातीत बारीक घरघर, नाकातून अडकत अडकत सुटणारा श्वास. माठ आमच्याकडेही पाझरत होता. तीस मोजेपर्यंत तिनं डोळ्यांची पापणीसुद्धा हलवली नाही. माझ्यासाठी ती नेहमीच अशी उभी राहिली होती, धानाच्या रोवणीच्या चिखलात आणि शाळेच्या फीच्या रांगेत, पण हेडफोन लावून मी तिला पहिल्यांदा ऐकत होतो.

एकतीस झाले आणि ती म्हणाली, "झालं काय, बाबू?"

परत दुकानात आल्यावर ते शेवटचं वाक्य मी कापलं. कापावंच लागलं. त्या सगळ्यात तिची ओळख पटेल असं तेवढंच होतं. उरलेल्या तुकड्याला सुमित्रामावशीचं नाव दिलं, पुढे २००७ लिहिलं, आणि रेकॉर्डरमधलं मूळ पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशी गुड्डूनं हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो. नऊ वर्षं हाच माणूस मुंबईत कानांच्या भरवशावर जगत होता. आता पकडणार, मला वाटलं. बरं होईल पकडलं तर.

त्याचे खांदे हलायला लागले.

"हे ऐक," तो म्हणाला आणि एक बाजू माझ्या कानाला लावली. "हसू दाबून राहिली बघ. ऐकू येते का? आता फुटतेच म्हणते, पन फुटत नाही."

माझी माय खोकला गिळत होती.

मला इतका हेवा आयुष्यात कधी वाटला नाही. ना त्या दोन पानांचा वाटला, ना मुंबईचा. हा माणूस माझ्या मायजवळ बसून रडत होता आणि मला तिथून उठवलं गेलं होतं. वाटलं, हेडफोन ओढून घ्यावा आणि ओरडावं, ती माझी आहे, तुझ्या मायचे अर्धे वडे खाल्ले म्हणून काय झालं, ती माझी आहे. मी हेडफोनची बाजू त्याला परत दिली.

त्यानं ते पाच वेळा ऐकलं. पेन ड्राइव्हवर घेतलं. जाता जाता दारात थांबला.

"एक मागू? तुझ्याजवळचं मिटवून टाक. राग नको मानू. माय आहे यार, दोन ठिकानी नको वाटते. माझ्या एकट्याजवळ राहू दे."

तो बघत होता. मी फाइल मिटवली, आणि कॉम्प्युटरच्या कचऱ्याच्या टोपलीतूनही काढून टाकली. त्यानं मला कडकडून मिठी मारली आणि देवरीची बस धरायला निघून गेला.

संध्याकाळी गावी गेलो. माय भाताची पेज गाळत होती.

"कालचं ते कसं आलं, बाबू?"

"चांगलं आलं."

"मंग मले ऐकव ना. मी बी पाहतो कशी उभी होतो तं."

लॅपटॉप काढला. तिच्या पांढऱ्या केसांवरून हेडफोन नीट बसवला. कापून बाजूला ठेवलेला दोन सेकंदांचा तुकडा तेवढा उरला होता. तो लावला. झालं काय, बाबू. तिनं मान तिरपी करून ऐकलं आणि पुढचं ऐकायला थांबली. बराच वेळ थांबली, कालच्यासारखीच, न हलता.

"एवढंच?" तिनं विचारलं.