ताईचं शुक्रवारचं फूल

गुलाब मंडळात अकरा सभासद होते आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी धड पटत नव्हतं. फुलांच्या सहवासात माणूस कोमल होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मंडळाची एक बैठक पाहावी. खत किती दिवस कुजवावं या मुद्द्यावरून पोस्टमास्तर आणि बेकरीवाली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मग ते बोलायला लागले आणि परिस्थिती आणखी बिघडली. बैठक दर महिन्याला दंतवैद्याच्या दवाखान्यात भरायची, पेशंटच्या बाकांवर, भिंतीवरच्या किडक्या दाढेच्या चित्राखाली. दंतवैद्य अध्यक्ष होते, कारण खुर्च्या त्यांच्या होत्या.

मंडळ काढलं होतं मात्र ताईने, आणि ती या अकरांच्या वरची होती. ताई म्हणजे मोठ्या इस्पितळातली निवृत्त हेडसिस्टर. जन्मभर तिने पेशंटना दरडावून बरं केलं आणि निवृत्तीनंतर तोच उपचार गुलाबांवर सुरू केला. गुलाबही मुकाट्याने फुलत. तिच्या घरामागच्या अंगणात एक गडद लाल गुलाब होता. इस्पितळाच्या जुन्या माळ्याने जाताना तिला दिलेला. तसा लाल रंग आणखी कुणाकडे नव्हता, आणि नसावाच अशी ताईची इच्छा होती. कलम करायला फांदीवरचा एक डोळा द्या म्हणून अकरा जणांनी अकरा वेळा तोंड वेंगाडलं. ताईने कुणालाही दाद दिली नाही. दंतवैद्याला तर ती म्हणाली होती, "तुम्ही काढण्यातले. लावणं तुमचं काम नव्हे."

ताईबरोबर तिची धाकटी बहीण राहायची. तिला सगळे धाकट्या ताई म्हणत, वय बासष्ट झालं तरी. खालच्या मजल्यावर तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चेन बदलणं, पडदे आखूड करणं, जाड झालेल्या माणसांच्या पँटी ढिल्या करणं आणि त्याबद्दल बाहेर चकार शब्द न काढणं. गुलाबातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ तिथेच होतं.

तीन वर्षांपूर्वी ताई जिन्यावरून पडली आणि तिचं कंबरेचं हाड मोडलं. ती इस्पितळात असताना छाटणीचे दिवस आले. खाटेवरून ताईने फर्मान काढलं, "हात राखून कापू नकोस. छाटणी म्हणजे मायेचा कार्यक्रम नाही." धाकटीने शब्द शिरसावंद्य मानला. कात्री घेतली आणि पडद्याची खालची कड कापावी तसं ते झाड जमिनीपासून चार बोटांवर एका रेषेत कापून टाकलं. काम इतकं नीटस झालं की ती दोन पावलं मागे सरून बघत राहिली.

आता कलमी गुलाबाचं असं असतं की मूळ आणि बुंधा जंगली झाडाचा असतो आणि त्यावर चांगल्या गुलाबाचा डोळा बसवलेला असतो. डोळ्याच्या वर ते गुलाब, डोळ्याच्या खाली ते रान. ताईच्या झाडाचा डोळा जमिनीपासून सहा बोटांवर होता. कापलेला सगळा गुलाब कचऱ्याच्या गाडीतून गेला.

ताईचा इस्पितळातला मुक्काम लांबला, तोवर खालून धुमारे फुटले, भराभर वाढले, त्यांना पांढरी, फिकी, नाण्याएवढी फुलं आली. धाकटीने घाबरून दंतवैद्याला बोलावलं. ते वाकले, झाडाच्या बुडाशी दोन बोटांनी माती सारली, कुणाच्या तरी तोंडात बघावं तसं बघितलं आणि म्हणाले, "हे गेलं."

ताई चार दिवसांनी घरी यायची होती. धाकटी दवाखान्यातल्या बाकावर बसून इतकी रडली की पेशंटना वाटलं आत फारच दुखतं. मंडळाची तातडीची बैठक झाली. इतिवृत्तात विषय नोंदवला गेला, "ताईंचे फूल". अवघ्या पाच मिनिटांत एकमत झालं, जे मंडळाच्या इतिहासात पूर्वी कधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. ताई आता वरच्या खोलीत खाटेवर राहणार, जिना उतरणार नाही. लांबचं तिला धूसर दिसतं, रंग आणि आकार तेवढा कळतो. फूल तोडलेलं तिला खपत नाही, म्हणजे ते वर नेऊन दाखवायचाही प्रश्न नाही. तेव्हा दर शुक्रवारी सकाळी एका सभासदाने स्वतःकडचा एक लाल गुलाब आणून त्या जंगली झाडाला बांधायचा. सोबत पांढऱ्या कळ्या खुडून टाकायच्या. दोरा धाकट्या ताईंनी द्यायचा, देठाच्या रंगाचा.

ताई घरी आली. पहिल्या शुक्रवारी तिने खिडकीतून खाली बघितलं आणि म्हणाली, "मान टाकलीय. पाणी कमी पडतंय."

फूल पोस्टमास्तरांचं होतं. ते आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. सभासदांना चटक लागली. ताईचा शेरा धाकटीने खाली आणायचा आणि तो ऐकायला ज्याची पाळी होती तो दुकानात तासभर आधी येऊन बसायचा, फाटकी नसलेली पँट शिवायला घेऊन. "रंग बरा आहे, पण पोट सुटलंय," असा शेरा बेकरीवालीच्या फुलाला मिळाला आणि तिने तो स्वतःवर घेतला. एकाकडे लाल गुलाबच नव्हता, त्याने गुलाबी बांधला. ताईने झाडाला लोह कमी पडतंय असं निदान करून अंगणात गंजके खिळे पुरायला लावले. वार्षिक प्रदर्शनातल्या पहिल्या नंबराचं आता कुणाला फारसं सोयरसुतक उरलं नव्हतं. शुक्रवारी ताई काय म्हणाली, हे खरं. लोक पहाटे उठून रोपांना पाणी घालू लागले. फुलं सुधारली. हे मान्य करायला जड जातं, पण त्या अकरा जणांनी आयुष्यात तेवढे चांगले गुलाब पूर्वी कधी काढले नव्हते.

यात धाकटीचं काय होत होतं, हे कुणी विचारलं नाही. ती ताट घेऊन वर जायची, ते खाटेजवळच्या स्टुलावर ठेवायची आणि मशीन चालू आहे असं सांगून मागे फिरायची. मशीन बंद असायचं. खोलीत थांबली की ताई खिडकीतून खाली बोट दाखवायची, "बघ, झाड कसं माजलंय. माझं ऐकून कापलंस म्हणून." मग धाकटी दाराकडे सरकायची. तिने ताईला कधी फसवलं नव्हतं. लहानपणी बरणीतली साखर खाल्ली तरी आपणहून सांगून मार खायची. आता ताईला अंघोळ घालताना ती साबणाकडे बघायची, केस विंचरताना कंगव्याकडे.

तीन वर्षं असंच चाललं. मग एका शुक्रवारी ताईने आज्ञा केली, "मंडळाला निरोप दे. रविवारी छाटणी. मला खुर्चीवरून खाली न्यायचं. मी माझ्या हाताने प्रत्येकाला एकेक डोळा काढून देणार आहे. मी काय जन्माला पुरणार आहे? झाड तरी राहू दे."

दवाखान्यात पुन्हा तातडीची बैठक भरली.

"सांगून टाकू," धाकटी म्हणाली.

"वेड लागलंय का, धाकट्या ताई?" पोस्टमास्तर म्हणाले. "त्या आपल्याला जिवंत ठेवतील?"

तोड बेकरीवालीने काढली. तिच्याकडे एक चांगलं भरलेलं लाल झाड होतं. शनिवारी दुपारी ताई झोपली की जंगली झाड उपटायचं आणि तिथे हे लावायचं. ताई जवळून बघेल तेव्हा डोळ्यावरचा खरा गुलाबच बघेल. वाण वेगळा आहे हे तिला कळेलच, असं धाकटी म्हणाली. दंतवैद्य म्हणाले, "माझा तीस वर्षांचा अनुभव आहे. उपटल्यावर माणूस खाचेकडे बघतो, दाताकडे नाही." याचा अर्थ कुणालाच लागला नाही, पण अध्यक्ष बोलले म्हणून ठराव पास झाला.

शनिवारी दुपारी दोन वाजता दंतवैद्य, पोस्टमास्तर आणि बेकरीवाली कुदळ, फावडं आणि पोत्यात गुंडाळलेलं झाड घेऊन मागच्या दाराने आले. धाकटीने त्यांना तोंडावर बोट ठेवून अंगणात नेलं. जंगली झाडाने तीन वर्षांत जमिनीत असे पाय रोवले होते की ते हलायचं नाव घेईना. पोस्टमास्तरांच्या शर्टाची बाही काट्यांनी उभी फाडली. दंतवैद्य आधी बुंधा धरून अंदाज घेत डावीकडे उजवीकडे हलवत बसले. मग त्यांनी पाय देऊन ओढलं आणि खतावर पाठीवर पडले. बेकरीवाली हसायला लागली. तिला गप्प करायला पोस्टमास्तर ओरडले. फावड्याचा दांडा मोडला.

वर ताईने धाकटीला बोलवायची घंटा वाजवली. "खाली कोण मेलंय?" ताईने विचारलं.

तिघांनी धाकटीकडे बघितलं. खड्डा अर्धवट, झाड जागेवर, दंतवैद्य खतात. धाकटीने मातीचे हात पदराला पुसले, ते पुसले गेले नाहीत, आणि तशीच जिना चढून वर गेली.

"ताई, खाली जे झाड आहे ते तुझं नाही," ती दारातच म्हणाली. बसली असती तर बोलणं झालं नसतं. "तुझा गुलाब तीन वर्षांपूर्वीच गेला. मी मारला. डोळ्याच्या खाली कापला. आहे ते नुसतं रान आहे."

खिडकीखाली तिघंही कान देऊन उभे होते.

"आणि फुलं?" ताईने विचारलं.

"मंडळाची. दर शुक्रवारी एकेकाचं. दोऱ्याने बांधायचो."

ताईने उशीवर डोकं टेकलं. तिचे ओठ हलत होते. ती मनातल्या मनात एकेक शुक्रवार तपासत असावी. "गेल्या महिन्यात एक आलं होतं," ती सावकाश म्हणाली. "मी म्हटलं होतं, असं फूल या झाडाला दहा वर्षांत आलं नाही. ते कोणाचं?"

"डॉक्टरांचं."

ताईने डोळे मिटले. गुलाब मेल्याचं ऐकून झाला नव्हता तेवढा त्रास तिच्या चेहऱ्यावर दिसला. मग तिने खिडकीकडे तोंड केलं.

"दातवाले, आहात ना तिथे?"

"हो, ताई," खालून आवाज आला.

"खत कोणतं घालता?"

खाली थोडी चुळबुळ झाली. "हाडांचा चुरा. आणि वापरलेली चहापत्ती."

"मग इतक्या वर्षांत मंडळात बोलला का नाहीत?"

"आम्ही मागितलेला डोळा तुम्ही दिला होता का?" दंतवैद्य म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांची त्यांनाच भीती वाटली असावी, कारण पुढे घाईघाईने म्हणाले, "ताई, चूक झाली."

"चूक नाही झाली. दिला असता तर आज अकरा झाडं असती," ताई म्हणाली. "माझ्या कर्माने गेलं. आता घरी जा सगळे. खड्डा बुजवा. आणि दुसऱ्याच्या खिडकीखाली उभं राहून ऐकायची सवय सोडा."

ते गेले. मागचं दार लागल्याचं ऐकू आलं. धाकटी अजून दारातच होती. आता आपल्याला काय ऐकावं लागणार, याची तिने मनाशी तयारी केली होती. तीन वर्षं तीच तयारी चालली होती.

"म्हणून का?" ताई म्हणाली.

"म्हणून काय?"

"म्हणून तू माझ्याकडे बघत नव्हतीस." ताईचा आवाज नेहमीचा नव्हता. हेडसिस्टरचा तर नव्हताच. "ताट ठेवलं की पळायचीस. मशीन चालू आहे म्हणायचीस, आणि खालून एक टाका घातल्याचा आवाज यायचा नाही. मला कान आहेत गं. मला वाटलं, हिला माझा कंटाळा आला. खाटेवरचं ओझं झालंय मी. म्हटलं, लवकर उरकलं तर बरं, ही तरी सुटेल. रविवारी ते डोळे मी कशाला वाटायला निघाले होते, असं तुला वाटतं?"

धाकटी खाटेपाशी आली आणि मातीच्या हातांनीच चादरीवर बसली. चादर धुतलेली होती, पण ताई त्याबद्दल काही बोलली नाही.

"एका झाडापायी, ताई," धाकटी म्हणाली. "नुसत्या झाडापायी."

"मला कुठे माहीत होतं?"

मग धाकटीने मान वर करून तिच्याकडे बघितलं. गालांची हाडं वर आली होती. डाव्या भुवईचे केस पांढरे झाले होते, आणि ओठांच्या कडा आत गेल्या होत्या. ताई म्हातारी झाली होती. रोज दोन वेळा या खोलीत येऊन, तिला न्हाऊ घालून, तिचे केस विंचरून, हे कधी झालं ते धाकटीने बघितलंच नव्हतं.