भिंतीला गेलेला तडा

"श्वास सोड," सर्जनबाई म्हणाल्या, आणि तिनं तो सोडला तशी पोटातली शेवटची नळी त्यांनी अलगद ओढून काढली.

पलंगावरच्या मुलीनं डोळे घट्ट मिटून घेतले. संघात तिला सगळे भिंत म्हणत. ती गोलपोस्टमध्ये असली की चेंडू आत जाणं मुश्कील. पायथ्याशी नऊ नंबर तोंड फिरवून उभी होती. ही समोरच्या संघाची. तिचाच गुडघा भिंतीच्या पोटात बसला होता. दोघी एकाच चेंडूवर झेपावल्या, चूक कुणाचीच नाही, असं पंचांचं म्हणणं. भिंतीच्या ताईचं म्हणणं वेगळं होतं. इतक्या दिवसांत ती नऊ नंबरशी एक अक्षर बोलली नव्हती. ताई कामावरून आली की नऊ नंबर मुकाट्यानं उठून व्हरांड्यात जाई.

त्या दिवशी भिंत उठून शेवटपर्यंत खेळली होती. घरी आल्यावर मात्र पाठीत कळा आणि उलट्या. ताईनं पोटदुखीची गोळी दिली आणि सकाळी "पडून राहा गं" म्हणून कामावर गेली. दुपारी नऊ नंबर माफी मागायला आली. दार उघडायला आलेली भिंत चौकटीला धरून दुमडली होती. माफी राहिली बाजूला. नऊ नंबरनं टॅक्सी बोलावली आणि भिंतीला जवळजवळ उचलूनच इस्पितळात नेलं.

गुडघ्याच्या दणक्यानं स्वादुपिंड मणक्यावर चेपून तुटलं होतं. जठराला लागून असलेलं आतडंही फाटलं होतं. सर्जनबाईंनी आतडं शिवलं, स्वादुपिंडाचा तुटलेला शेपटाकडचा भाग काढून टाकला. मग कितीतरी दिवस नळ्यांचे गेले. कधी ताप चढे, कधी नळीतून येणारा पाझर वाढे. भिंत चिडचिड करी, आणि नऊ नंबर तिला जुन्या सामन्यांतले स्वतःचे हुकलेले गोल रंगवून सांगे.

"आता सगळं खाऊ?" भिंतीनं विचारलं.

"थोडं थोडं. तेलकट नको. आणि रक्तातली साखर तपासत राहायची."

"आणि खेळ?"

"आधी जिना तर चढ. मग बघू."

"नाही म्हणाल्या नाहीत हं!" भिंत नऊ नंबरला म्हणाली. "आणि चेंडू मी अडवला होता."

"चेंडू कसला, माझा गुडघा अडवलास."

भिंत टाक्यांवर हात दाबून हसली. हसताना दुखलं, तरी हसतच राहिली.

सर्जनबाई निघाल्या तशी, कामावरून नुकतीच येऊन दारात थांबलेली ताई त्यांच्यामागून बाहेर गेली.

"डॉक्टर, ठणठणीत होईल ना ती?"

"होईल की. पण या दुखापती लबाड असतात. वरून काही दिसत नाही आणि आत पाझरत राहतं. फार वेळ गेला की आम्हीही हात टेकतो. तुम्ही दुसऱ्याच दिवशी दुपारी घेऊन आलात, म्हणून निभावलं. संध्याकाळची वाट बघितली असतीत, तर आज हे बोलणं झालं नसतं." त्यांनी ताईच्या खांद्यावर थोपटलं. "शाबास तुमची."

बाई चालू लागल्या होत्या.

"मी नव्हतं आणलं," ती मागून म्हणाली.

सर्जनबाई वळल्या. "मग?"

ताईनं दारातून आत बोट दाखवलं.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "मग शाबासकी तिला पोचवा."

ताई आत आली. भिंतीचं पांघरूण नीट होतं, तरी तिनं ते पुन्हा सारखं केलं. नऊ नंबरनं सवयीनं आपली पिशवी उचलली.

"जेवलीस का?" ताईनं तिच्याकडे बघून विचारलं.

नऊ नंबरनं वळून मागं पाहिलं. मागं नुसती खिडकी होती.