दिवस असतानाचं विमान

आधी एक सांगून ठेवतो. आमच्या राजमतीला हट्टी म्हणायचा हक्क फकस्त मला हाय. पस्तीस वर्षं संसार केलाय मी तिच्यासंगं. दुसऱ्या कुणी म्हटलं तर त्याच्या घरचा चहासुद्धा घेणार न्हाय मी, मग तो माझा पोटचा पोरगा सम्मेद का असंना.

तर झालं असं, आमची लेक प्रियदर्शनी शिकागोला शिकत हुती. क्षारपड मातीवर. आमच्या हातकणंगल्याकडं उसाला पाणी पाजून पाजून रानं पांढरी पडल्यात, पीक म्हणून येत न्हाय. त्याच मातीवर पोरीनं सहा वर्षं घालवली आणि डॉक्टर झाली. सुई टोचणारी न्हवं, अभ्यास करून हुत्यात तसली. "आण्णा, डिसेंबरात पदवी देणार हाईत, तुम्ही दोघांनी यायचं म्हंजे यायचं," असा तिचा फोन आला, त्या दिवशी मी स्टँडवरच्या हाटेलात बसलेल्या झाडून सगळ्यांना चहा पाजला. ज्यांची ओळख न्हवती त्यांनाबी पाजला. का? माझी पोरगी, मी मिरवणार न्हाय तर कोण मिरवणार?

तिकिटासाठी आम्ही तिघं शाहूपुरीत गेलतो. तिथं क्रांतीचं ऑफिस हाय, सम्मेदच्या वर्गातली पोरगी, विमानाची तिकिटं काढून देत्या. तिनं सांगितलं, मुंबईतनं बसायचं, मधी आखातात उतरायचं आणि तिथं दुसरं विमान धरायचं. तसल्या दोन कंपन्या हुत्या. नावं सांगत न्हाय, उगं फुकटची जाहिरात कशाला? एकीच्या विमानाचं शेपूट निळं आणि दुसरीचं तांबडं, एवढं ध्यानात ठेवा.

निळ्याची ऐट बघा. संध्याकाळी मुंबईतनं निघायचं, आखातात दोन तास पाय मोकळं करायचं, परत बसायचं, झोपायचं, आणि सकाळी शिकागो. पाय पसरायला जागा जरा ऐसपैस, टीव्ही मोठा. तांबडंबी संध्याकाळीच निघणार, पर आखातात अख्खी रात खुर्चीवर काढायची, सकाळी दुसरं विमान, आणि दुपार कलल्यावर शिकागो. माझी कंबर तीन वर्षांमागं ट्रॅक्टरवरनं पडल्यापास्नं कामातनं गेल्या. मी कशाला खुर्चीवर रात काढतोय?

"निळं!" मी म्हटलं.

"निळंच," सम्मेद म्हणाला.

क्रांती आता बटन दाबणार, तवर राजमती म्हणाली, "बाळ, जरा थांब. ह्यात दिवस कवा उगवतोय?"

"म्हंजे काय, काकू? जैन जेवण टाकलंय की मी. कांदा न्हाय, लसूण न्हाय, बटाटा न्हाय."

"ते झालं गं बाई. पर ते जेवण देणार कवा? दिवस असताना, का रातीला?"

आता ज्यांना ठाऊक न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. सम्मेद पोटात हुता तवा आमच्या गावात चातुर्मासाला जैन साध्वी, आमच्यात माताजी म्हणत्यात, त्या आल्यात्या. त्यांच्या म्होरं हिनं नेम घेतला. दिवस मावळला की अन्न न्हाय, पाण्याचा थेंब न्हाय, परत दिवस वर येईस्तवर. आजतागायत मोडला न्हाय. लग्नातल्या जेवणावळी रातच्या असत्यात, ही दिवस बुडायच्या आत आचाऱ्याच्या म्होरं ताट घेऊन उभी. प्रियदर्शनी जन्मली ती भर रातीला. नर्स पाणी पाजाय बघत्या आणि हिनं ओठ मिटून घेतलेलं. मी? मी रातच्याला नवाला भाकरी मोडतो, वर दूध पितो. देवळातली म्हातारी माणसं माझ्या नावानं नाकं मुरडत्यात. मुरडू देत.

क्रांती हसली न्हाय, हे तिचं मला लई आवडलं. तिनं कंप्युटरवर कायबाय शोधलं, कागदावर आकडं मांडलं, आणि तिचा चेहराच पडला.

"काकू, निळ्या विमानात दिवस उगवतच न्हाय. मुंबईत मावळला की तुम्ही पश्चिमेकडं निघणार, अंधारबी तुमच्यासंगं तिकडंच निघणार. शिकागोत उतरंपर्यंत रातच. चोवीस तासांची रात हाय ही."

मी कपाळाला हात लावला. कारण ह्या भादव्यात उपवासाच्या दिवशी राजमती देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडलीती. साखर निघाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं हुतं की रोजची रात ठीक हाय, पर त्याच्या वर एक तास उपाशी ठेवायचं न्हाय, पाण्याबिगर तर न्हाईच न्हाई.

"गोळीपुरतं पाणी चालतंय की आई," सम्मेद म्हणाला. "औषधाला सूट असत्या."

तिथनंच प्रियदर्शनीला फोन लावला, तोंड दिसतंय तसला. तिबी तेच म्हणाली. "आई, घोटभर पाणी घे गं. मी कुणालाबी सांगत न्हाय."

"तू सांगत न्हाईस गं माझे बाय," राजमती म्हणाली. "पर मला ठाऊक असणारच की. त्यापरीस मी येत न्हाय. आण्णा येतील."

माझं डोस्कंच फिरलं. भर ऑफिसात वरडलो मी. "अगं, तुझ्या लेकीला डॉक्टर करणार हाईत! अख्ख्या गावात कुणाची पोरगी झाल्या सांग! आणि तू घरात बसून वांगी चिरणार व्हय?"

ती चिडली न्हाय. पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो, माझा जीव किती अडकलाय तिच्यात, तुम्हाला काय सांगायचं? पर एकदा मोडला की संपलं. मग म्होरल्या बारीला कशाच्या जिवावर पाळू?"

पस्तीस वर्षांत मी तिला चारचौघांत रडताना बघितली न्हवती. मी क्रांतीकडं वळलो. "पोरी, तांबड्याचं काय?"

"तांबड्यात रात नेहमीएवढीच हाय, काका. ती आखातात बसून जाईल. सकाळी तिथंच दिवस उगवतोय, मग विमानात बसायचं, आणि मग दिवस तुमच्यासंगंच चालणार शिकागोपर्यंत. फकस्त तुमची कंबर..."

"कंबर गेली खड्ड्यात. काढ तांबडं."

क्रांतीनं आम्हाला मुद्दाम डाव्या अंगाच्या जागा दिल्या, सूर्य त्याच बाजूला राहतोय म्हणून. खिडकी तेवढी आधीच गेलती. मधली जागा राजमतीची, कडंची माझी.

आखातातली रात काय सांगू? त्या खुर्च्या कुणी केल्या त्याला एकदा आमच्या ट्रॅक्टरवर बसवायला पायजे. मी रातभर कण्हत हुतो आणि ही शेजारी माळ ओढत ताठ बसलेली. सकाळी काचंतनं ऊन आत आलं तशी तिनं डबा सोडला, दशमी-चटणी खाल्ली, गोळी घेतली, पाणी प्याली आणि मला म्हणाली, "बघा, कसं झ्याक जमलं."

दुसऱ्या विमानात पयलं जेवण लख्ख उजेडात आलं. हिनं खाल्लं. मग काय झालं कुणाला ठाऊक, सगळ्या खिडक्यांची झापं खाली, दिवं बारीक, भर दुपारी अंधार गुडुप! लोकांना झोपवायची रीत असत्या म्हणं तिकडं. बऱ्याच वेळानं परत ताटं आली. राजमतीच्या गोळीची येळ झालीती. तिनं ताटाला हात लावला न्हाय.

"बाहेर दिवस हाय का न्हाय, बघितल्याबिगर कसं खाऊ?"

खिडकीत एक उंचाडा गोरा टोपी डोळ्यांवर घेऊन घोरत हुता. मी हात लांब करून त्याला हलवलं. "ओ पावणं, झाप जरा उघडा की!"

तो दचकून उठला. काय म्हणतोय मला कळंना, मी काय म्हणतोय त्याला कळंना. विमानातली एक पोरगी पळत आली. हिंदी येत हुतं तिला. मी माझं कोल्हापुरी हिंदी काढलं, "बाई, हमारी बायको सूर्य देखे बिगर खाती न्हाई. उसका नेम हाय. उसको साखर बी हाय." त्या गुणी पोरीनं गोऱ्याला समजावून सांगितलं. त्यानं राजमतीकडं बघितलं आणि झाप वर केलं.

सूर्य हुता. पर कसा? पार कडंला टेकलेला, लालबुंद. राजमतीनं हात जोडलं, घास मोडला, आणि तोंडापर्यंत नेतीया तवर तो बुडाला. आमच्या डोळ्यांदेखत बुडाला.

तिनं घास ताटात ठेवला.

"अगं, दुपार हाय ही!" मी म्हटलं. "घड्याळ बघ!"

"मी नेम घड्याळ बघून घेतला न्हवता."

ती विमानातली पोरगी म्हणाली, आपण पृथ्वीच्या पार वरच्या अंगाला आलोय, थंडीत हितं दिवस तोंड दाखवतो आणि जातो, खाली सरकलो की परत दिसंल. कवा, ते तिला नेमकं सांगता येईना. राजमतीची साखर उतराय लागली. कपाळावर घाम. पाण्याची बाटली मी तिच्या हातात दिली, तिनं ती माझ्या मांडीवर ठेवली. मी रागावलो, हाता-पाया पडलो, म्हटलं पाप माझ्या नावावर लिव. "गप बसा," म्हणाली, "लोक झोपल्यात."

आणि तो गोरा! त्यानं आपली चादर डोक्यावरनं घेतली, खिडकीवर ताणली, बाकीच्यांना उजेडाचा तरास नको म्हणून, आणि आत तोंड घालून राखण करत बसला. मोटरीला लाईट कवा येत्या म्हणून आम्ही रानात बसतो, तसा. ना वळखीचा ना पाळखीचा माणूस. मधनंच चादरीतनं डोकं काढायचा, मान हलवायचा, परत आत. मी मनातल्या मनात णमोकार मंत्र म्हणत हुतो. मी! ज्याला देवळात हाताला धरून न्यावं लागतंय तो.

लई येळानं चादर हलली. "सन! मॅडम, सन!"

बघतोय तर खरंच, जिथं बुडाला हुता त्याच बाजूनं वर येत हुता. राजमतीनं हात जोडलं, सूर्य सगळा वर येऊ दिला आणि मग घोटभर पाणी प्याली. मग गोळी, मग ताट. ती सावकाश जेवली. मी त्या गोऱ्याचा हात हातात घेऊन असा दाबला की तो कळवळला. एका दिवसात दोनदा उगवलेला सूर्य बघितलेली बाई अख्ख्या हातकणंगले तालुक्यात दुसरी दाखवा मला!

शिकागोत उतरलो तर पासपोर्टावर शिक्का मारून घ्यायची रांग ही एवढी. काचंबाहेर ऊन पिवळं पडत चाललेलं. बाहेर आलो, तर प्रियदर्शनी हातात डबा घेऊन उभी. पाया पडली न्हाय, परवास कसा झाला म्हणाली न्हाय. "आई, पळ! दिवस मावळाय आलाय!" मायलेकी पुढं आणि मी बॅगा वढत मागं, असं आम्ही मोटारी लावायच्या इमारतीच्या गच्चीवर गेलो. तिथं बर्फाच्या कडंला बसून राजमतीनं मुगाची गरम खिचडी खाल्ली, पोटभर पाणी प्याली. तिनं तोंड पुसलं आणि दिवस गेला.

मग पोरगी म्हणाली, "मोडला न्हाय न्हवं?"

"न्हाय."

तशी ती बर्फातच बसली आणि आईच्या मांडीत डोस्कं घालून हमसून रडाय लागली. म्हणाली, "आई, पाणी पी असं मीच म्हटलं. पर तू पिऊन आली असतीस तर मी काय केलं असतं, ठाऊक न्हाय. तीन वर्षं माझी रोपं जगली न्हाईत हितं. त्या मातीत लावली की पिवळी. सर म्हणाले, विषय बदल. दर बारीला मी मनाला सांगायची, माझी आई दिवस मावळल्यावर थेंब घेत न्हाय, आणि मी एवढ्यात सोडू? आणि परत कुंड्या भरायची."

राजमती पोरीच्या केसांतलं बर्फ झाडत बसली. मी तोंड फिरवून मोटारी मोजल्यागत केलं.

दुसऱ्या दिवशी हजारभर माणसांत तिचं नाव पुकारलं. मी उभा राहून "शाब्बास माझे वाघिणी!" असा वरडलो की म्होरच्या रांगा वळून बघाय लागल्या. बघू देत. संध्याकाळी तिच्या सरांनी सगळ्यांना जेवाय बोलावलं हुतं. बाहेर काळोख पडलेला. सरांनी सोताच्या हातानं राजमतीला ताट आणून दिलं. तिनं हात जोडलं, पोरीनं त्यांना कारण सांगितलं. सरांनी मान लववली आणि तेच ताट माझ्या म्होरं धरलं.

मीबी हात जोडलं.

राजमतीनं माझ्याकडं बघितलं. "तुम्ही खावा की," ती हळूच म्हणाली. "तुमचा कुठं नेम हाय?"

"भूक न्हाय," मी म्हटलं.

धादांत खोटं. भूक तर असली लागलीती की इचारू नका.