बांधावर बसलेल्या दोघी

हेमावती सायकल शिकली तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. त्याआधी जनवाड्यात सायकलवर बसणारी बाई एकच, दवाखान्यातल्या नर्स शोभाबाई. त्या खजुरीकडच्या, बौद्ध घरातल्या. वस्त्यांवर सुया टोचायला जायचं म्हणून त्यांनी लेडीज सायकल घेतली होती. रविवारी सुट्टी असली की त्या तीच सायकल काढून डोंगरावरच्या तलावाकडं जायच्या. तिथं त्या काय करतात, हे गावाला कोडंच होतं.

हेमावतीलाही होतं. लग्न होऊन आल्यापासून ती त्या डोंगराच्या पायथ्याशी राहत होती. डोंगर रोज दिसायचा, पण वर जायचं काही काम निघालं नव्हतं. नवरा वारल्यावर दीर अमृतप्पाच्या कुटुंबात तिचे दिवस चालले होते. घर लिंगायताचं, खाऊनपिऊन सुखी. तुरीचा व्यापार गुलबर्ग्यापर्यंत चालायचा.

रक्तदाब तपासायला गेली असताना तिनं शोभाबाईंना विचारलंच.

"बाई, तुमी दर आइतवारी वर कामून जाता?"

"पाखरं बघायला, अक्का. थंडीत लांबून येतात. आन खरं सांगू का, तिथं मला कोणी हाक मारत न्हाई."

हे दुसरं कारण हेमावतीच्या मनात घर करून बसलं. पुढच्या आठवड्यात शाळेमागच्या मोकळ्या रानात ती शोभाबाईंच्या सायकलवर चढली आणि पडली. गुडघे फुटले, कोपरं सोलली. पोरं बघायला जमली, मग बाया जमल्या. तिनं पदर कमरेला खोचला आणि पुन्हा चढली. महिन्याभरात तिला तोल साधला. मग तिनं बीदरला जाऊन स्वतःसाठी एक जुनी सायकल आणली.

अमृतप्पानं ती दारात उभी बघितली आणि त्याचा चेहरा उतरला.

"वैनी, लोक काय म्हणायलेत ऐकलात का? या वयात सायकल. आन संगत कुणाची, तर त्या नर्सबाईची."

"तिच्या संगतीत काय वाईट हाय?"

"तुमाला कळतंय मी काय म्हणायलोय ते."

"कळतंय," हेमावती म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ बसवण्णाचं नाव घेता, आन माणसाची जात इचारता. हे मी बाहेर बोलत न्हाई. घरात बोलले, ते ऐका."

तलावाची वाट सोपी नव्हती. लाल मुरमाचा चढ, दोन्ही बाजूंनी सीताफळीची झुडपं. निम्मी वाट सायकल हातात धरूनच चढायची. पण वर पोचलं की दोन टेकड्यांच्या मधे बांधानं अडवलेलं पाणी एकदम समोर यायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा हेमावती बांधावर मटकन बसली. काठाच्या उथळ पाण्यात राखी रंगाचे करकोचे उभे होते, शेकड्यांनी. मधूनच सगळे एकदम माना उंच करायचे आणि त्यांचा कर्र कर्र आवाज टेकडीवर आपटून परत यायचा. नारिंगी चक्रवाक जोडीजोडीनं पोहत होते. पलीकडच्या काठावर एक कोल्हा पाणी पिऊन निवांत निघून गेला.

"इतकी वर्षं हे वर होतं," ती म्हणाली, "आन मी खाली भांडी घासत होते."

शोभाबाईंनी डबा उघडला. दोघींनी एकाच डब्यातली भाकर आणि शेंगाची चटणी खाल्ली. तलावाचा राखणदार हावगेप्पा बघत उभा होता. ही बातमी आपल्याआधी घरी पोचणार, हे हेमावतीला ठाऊक होतं. ती शोभाबाईंच्याच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायली.

दोन हिवाळे असे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात, चौऱ्याऐंशीच्या जानेवारीत, अमृतप्पा चुलीपाशी येऊन उभा राहिला.

"वैनी, या आइतवारी तलावावर जायचं न्हाई. गुलबर्ग्याहून पाव्हणे यायलेत, आपल्या तुरीचे मोठे गिऱ्हाईक. शिकार करणार हायेत. तुमी पुऱ्या आन भाजी बांधून द्या."

हेमावतीनं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

"कशाची शिकार?"

"पाखरांची. आनखी कशाची."

"गळ्यात लिंग हाय तुमच्या, अमृतप्पा. आपल्या घरात अंडं येत न्हाई."

"मी थोडंच मारायलोय. ते मारतील, ते खातील. त्यांच्याकडं लायसन हाय."

"मग पुऱ्या पण त्यांनीच लाटाव्यात."

रविवारी पहाटे हेमावतीनं पाहिलं, तर तिच्या सायकलला साखळी घालून कुलूप लावलं होतं आणि किल्ली घेऊन अमृतप्पा पाहुण्यांच्या जीपमधून निघून गेला होता.

ती तशीच चालत शोभाबाईंच्या खोलीवर गेली. ऐकून शोभाबाईंनी क्षणभर विचार केला.

"अक्का, माझी नोकरी सरकारी हाय. ही मोठी माणसं हायेत."

"तुमी नका येऊ. नुसती सायकल द्या."

"सायकल देते न्हाई तर काय. पण चढावर एकटीला ढकलवल का?" असं म्हणत त्यांनी डबा उचलला, चप्पल पायात घातली. "बसा मागं."

चावडीवर माणसं शेकत बसली होती. त्यांच्या समोरून अमृतप्पाची वहिनी नर्सबाईच्या मागं कॅरिअरवर बसून गेली. सगळ्यांच्या माना वळल्या.

बांधाच्या तोंडाशी हावगेप्पानं हात आडवा धरला.

"अव्वा, आज सोडू नको म्हणून सांगिटलंय."

"बांध सरकारचा हाय का अमृतप्पाचा?"

"सरकारचा."

"मग सरकारनं सांगिटलं का?"

हावगेप्पानं हात खाली केला आणि पाणी बघत उभा राहिला.

खाली झुडपांआड टोप्या दिसत होत्या. करकोचे अजून काठाजवळच होते, बंदुकीच्या टप्प्याच्या थोडे पलीकडं. शोभाबाई सायकलवर बसल्या आणि घंटी वाजवत बांधावरून निघाल्या. हेमावती डब्याचं झाकण दगडानं बडवत मागं धावली. कानडी, मराठी, तोंडाला येईल त्या बोलीत ती ओरडत होती. आधी चक्रवाक उठले. मग करकोच्यांचा सगळा थवा एकदम वर गेला, आणि त्यांच्या पंखांच्या आवाजात खालून उशिरा सुटलेला बार कुठल्या कुठं विरला. एकही पाखरू पडलं नाही.

झुडपांतून तिघे पाहुणे आणि अमृतप्पा वर आले.

"वैनी, माझी लाज घालवलात."

"आमी घंटी वाजवली. घंटीला लायसन लागतंय का?"

पाहुण्यांतला जाडसर माणूस हसला. "जाऊ द्या, अमृतप्पा. पाखरं कुठं जातील? तासाभरात परत उतरतील. आम्ही थांबतो."

"थांबा की," हेमावती म्हणाली. "आमी पण थांबतो. डबा आणलाय."

आणि ती बांधावर ऐसपैस मांडी घालून बसली. शोभाबाई शेजारी बसल्या. ऊन चढलं. पाखरं परत आली, टेकडीवर घिरट्या घालू लागली, आणि हेमावतीनं झाकण उचललं. असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला जाडसर माणूस हसला नाही. त्यानं अमृतप्पाला उर्दूत काहीतरी टोचून ऐकवलं. दुपारपर्यंत त्यांच्याकडचं पाणी संपलं, भूकही लागली असावी. जीप धुरळा उडवत खाली गेली.

करकोचे संध्याकाळी उतरले. दोघी ते बघूनच उठल्या.

याची किंमत मोजावी लागली. अमृतप्पानं सायकलची किल्ली तिच्यासमोर टाकली, तिच्याशी बोलणंही टाकलं आणि तिची चूल मागच्या पडवीत वेगळी झाली. उन्हाळ्यात शोभाबाईंची बदली आली, आळंद तालुक्यात, खजुरीजवळ. ती कुणी करवली हे उघड गुपित होतं. "माहेराजवळ धाडलंय, उपकारच झाले," शोभाबाई म्हणाल्या, पण ट्रंक बांधताना त्या एकदाही वर बघत नव्हत्या. पुढच्या हिवाळ्यात ते पाहुणे मधल्या वारी, न सांगता येऊन गेले. रविवारी हेमावतीला काठावर राखी पिसं आणि रिकामी काडतुसं सापडली. तिनं काडतुसं वेचली, ओच्यात घेतली आणि घरी येऊन अमृतप्पाच्या गादीसमोर, गिऱ्हाइकांच्या देखत, ओतली.

"तुमच्या पाव्हण्याचं राहिलं होतं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर ती वाटेल त्या वारी वर जाऊ लागली. तेलीण गुरुबाई तिच्याबरोबर पायी यायला लागली, मग शाळेतल्या सावित्रीबाई. हावगेप्पा आता जीप दिसली की आधी खाली हेमावतीला निरोप धाडायचा.

संक्रांत झाल्यावर एका सकाळी हेमावतीनं आपली सायकल गुलबर्ग्याच्या एस्टीच्या टपावर चढवायला लावली. कंडक्टरनं विचारलं, "अक्का, सायकल घेऊन कुठं जायलात?"

"खजुरीला. तिकडं पण एक तलाव हाय म्हणं," ती म्हणाली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली.