उजव्या खोलीची खिडकी

दुरुस्तीआधी घर मोजायला गेलो तो सप्टेंबर २०२०. जुन्या इमारतींचं काम येतं म्हणून डब्लिनच्या ऑफिसनं मला, उपेंद्रला, पाठवलं होतं. घर एका लॉकपाशी होतं. लॉक म्हणजे दोन दरवाज्यांमध्ये पाणी अडवून होडी वर-खाली नेण्याची कालव्यावरची जागा. तिच्या काठाला लॉककीपरचं, म्हणजे ते दरवाजे उघडणाऱ्या माणसाचं, दोनशे वर्षांचं बैठं घर होतं. मधोमध दार, दोन्हीकडे कमानीतली एकेक खिडकी. शेवटच्या लॉककीपरची मुलगी नूलाबाई, वय ऐंशी, तिथे एकट्या राहायच्या.

डावी बाजू मी जीव ओतून मोजली. तेवढ्यात पाऊस आला. उजव्या खोलीत बाईंचा पलंग, त्यात करोना. आत जायचा कंटाळाच केला. ऑफिसात येऊन डावी बाजू उलटवली आणि उजवीकडे चिकटवून दिली. पुण्याच्या कॉलेजात याच आळसापायी मी ज्युनिअर्सना शीट फाडायला लावलं होतं!

नोव्हेंबरात गवंडी डेक्लनचा फोन आला.

"उजव्या खिडकीची आतली, भिंतीच्या जाडीतली एक बाजू तिरकी आहे. तुझ्या ड्रॉइंगमध्ये सरळ दिसतेय. येऊन बघतोस का?"

"लॉकडाऊनमध्ये पाच किलोमीटरच्या बाहेर पडता येत नाही रे," मी म्हणालो. कामासाठी पडता येत होतं, ऑफिसचं पत्रही होतं. "जुनी घरं वाकडीतिकडीच असतात. ड्रॉइंगप्रमाणे भरून सरळ करून घे."

त्यानं भरून घेतली.

मे महिन्यात शेवटच्या पाहणीला गेलो. डेक्लन बाहेर कुंपणाच्या भिंतीला चुना लावत होता. नूलाबाईंनी मला थेट उजव्या खोलीत नेऊन पलंगावर बसवलं.

"काय दिसतं इथून?"

"भिंतीची कड. थोडं गवत."

"बाबा इथे पडून लॉकचा वरचा दरवाजा बघायचे. होडी आली की उठायचे. शेवटी उठवत नव्हतं, तरी बघायचे. पुढे मीही रोज सकाळी तेच बघत आले."

म्हणजे ती बाजू वाकडी नव्हतीच. पलंगावर पडलेल्या माणसाची नजर दरवाजापर्यंत पोचावी म्हणून कुणीतरी एवढ्या जाड भिंतीत ती मुद्दाम तिरकी बांधली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तू कशाला तोंड पाडतोस?" बाई म्हणाल्या. "तुझं ड्रॉइंग ग्रँडच असणार. तो बाहेरचा गवंडी आंधळा आहे. तेव्हापासून त्याला उंबरा ओलांडू दिलेला नाही. चहासुद्धा विचारत नाही."

मला मात्र चहा दिला. आणि मी तो प्यायलो.

बाहेर आल्यावर डेक्लनला विचारलं, "चूक ड्रॉइंगची होती, हे तू बाईंना सांगितलं का नाहीस?"

"ड्रॉइंग गाडीतच आहे," तो मान वर न करता म्हणाला. "मला वाटलं, तूच सांगशील."

मी परत आत गेलो. खोली मोजलीच नव्हती, डेक्लननं विचारलं तेव्हा खोटं बोललो, सगळं सांगितलं. बाई चार शिव्या देतील म्हणून उभा राहिलो. त्या उठल्या. भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेल्या.

"डेक्लन, मी तुला नाही नाही ते बोलले. मला माफ कर."

तो चुन्याचे हात पँटला पुसत "अहो राहू द्या, राहू द्या" म्हणत होता. बाईंनी पुन्हा माफी मागितली. मी त्यांच्या मागे उभा होतो, आणि त्याची माफी मी अजून मागितलीच नव्हती.